टिटवीचे दोर

१८ ऑगस्ट २००३, सोमवार

जाहिरात आज छापून आली. पान सात, खाली डावीकडे, एका गाभण म्हशीच्या आणि एका हरवलेल्या सुटकेसच्या मधोमध.

"विकणे आहे. तेरा फुटी शिडाची होडी, दोनचाकी गाडीसह. एकहाती वापर, उत्तम राखलेली. भेटा वा फोन करा: श्री. प्रभाकरराव, सेवानिवृत्त, पाटबंधारे खाते, वर्धा."

मी लिहून दिलेल्या कागदावर माझं नाव होतं. जाहिरात घेणाऱ्या इसमाने म्हणे प्रभाकररावांना सांगितलं, "साहेब, होडीच्या खाली बाईचं नाव बरं नाही दिसत, लोक चेष्टा समजतील." आणि आमच्या साहेबांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, मान डोलावली. पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं काढलेला हा माणूस पाणी घोट्याला लागलं की चपला हातात घेऊन मागे फिरतो. सतरा वर्षांत तो माझ्या होडीत एकदाही बसलेला नाही. तिचं नाव टिटवी आहे, तेही जाहिरातीत नाही.

होडी माझी. १९८६ साली मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉल जोडायला होते. पुलगावहून बदलून चाललेले एक मेजर भोपाळला कुणाला तरी होडी विकायला बघत होते आणि पलीकडचा माणूस गाढवासारखी घासाघीस करत होता. ऐकणं गुन्हा होता. मी ऐकलं. मग मध्येच बोलले, ते त्याहून मोठा गुन्हा. म्हटलं, "मेजर, यांना राहू द्या, मी घेते." त्यांनी तीन रविवार महाकाळीच्या धरणावर येऊन मला शिकवलं आणि बदलीच्या गावी निघून गेले. टिटवी हे नाव मी ठेवलं. नागपूरच्या कॉन्व्हेंटात मदर मला तेच म्हणायच्या, माझ्या आवाजावरून.

विकायचं कारण माझा उजवा खांदा. गेल्या डिसेंबरात वाऱ्याचा झपाटा आला, होडी उलटली, खांदा निखळला. मासेमारांनी मला वेणीला धरून बाहेर काढलं. वेणी होती म्हणून मी आहे. तेव्हापासून हात डोक्याच्या वर जात नाही, आणि शीड काही कमरेच्या खाली चढवता येत नाही. लेक सपना नागपूरहून आली, रडली, ओरडली (आवाज माझ्यावर गेला आहे) आणि वचन घेऊन गेली: दिवाळीपर्यंत होडी विकायची. नाहीतर ती टेम्पो पाठवून एका बालवाडीला देऊन टाकणार, घसरगुंडीशेजारी मांडायला.

वचन दिलंय, पाळीन. पण माझीही एक अट आहे. होडी पाण्यात गेली पाहिजे. जो तिला पाण्यात नेणार नाही त्याला ती मिळणार नाही, मग तो कुणीही असो.

२१ ऑगस्ट, गुरुवार

तीन दिवसांत अकरा फोन. अकराही जणांचं पहिलं वाक्य: "साहेब आहेत का?"

"आहेत. अंघोळीला गेलेत. त्यापलीकडे पाण्यातलं त्यांना काही कळत नाही. बोला."

चौघांनी तिथेच फोन ठेवला. संध्याकाळी हिंगणघाटहून महादेवराव नावाचे गृहस्थ जीप घेऊन प्रत्यक्ष आले. हायवेवर त्यांचा ढाबा आहे. शेडमध्ये जाऊन त्यांनी टिटवीच्या पोटावर थाप मारली.

"मस्त हाय! ढाब्यासमोर ठिवतो. आतमंदी बरफ, बरफात थंड्याच्या बाटल्या. वरतून लाइटिंग."

"आणि शीड?"

"त्याच्यावर रेट लिहून टाकू ना, बाई. दाल फ्राय, शेवभाजी. दुरून दिसते."

मी त्यांना पाणी दिलं, चहा दिला नाही. प्रभाकरराव नंतर म्हणाले, "पैसे बरे देत होता." मी म्हटलं, तुम्हाला कुणी शेवभाजीचा फलक करून हायवेवर उभं केलं तर मी किती घ्यावेत?

२९ ऑगस्ट, शुक्रवार

काल तान्हा पोळा झाला. गल्लीतली पोरं लाकडी बैल ओढत दारोदार बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागत फिरली. मी प्रत्येकाच्या बैलाच्या गळ्यात घुंगरू बांधलं. तोवर सगळं छान होतं.

आज एका मंडळाचे तिघे आले. यंदा त्यांच्या सजवलेल्या लाकडी नंदीला दुसरं बक्षीस मिळालं म्हणून ते दुखावलेले होते. पुढच्या वर्षी नंदी होडीत उभा करायचा, खाली निळी प्लास्टिकची लाट हलवायची, पहिलं बक्षीस कुठे जात नाही.

"बैल होडीत बसून कुठे चाललाय?" मी विचारलं.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. हा प्रश्न त्यांच्या बैठकीत आला नव्हता.

"काका घरी नाहीत का?" त्यातल्या एकाने विचारलं.

९ सप्टेंबर, मंगळवार

आज जे घडलं ते प्रामाणिकपणे लिहिते.

नाचणगावहून एक डॉक्टर आले, प्रफुल नाव, पस्तिशीचे. मुंबईला शिकत असताना शिडाची होडी चालवायला शिकले होते. शेडमध्ये आल्याबरोबर त्यांनी पायातले बूट काढले, कुणी न सांगता. होडी सरळ ठेवणारी मधली फळी वर-खाली करून पाहिली. सुकाणूच्या बिजागरीला तेल आहे का पाहिलं. (आहे. दर पंधरा दिवसांनी मी घालते.) म्हणाले, "बाई, एवढी जुनी वाटतच नाही." साहेब आहेत का, हे विचारलं नाही. दर रविवारी धरणावर नेईन म्हणाले.

मग मी त्यांना दोष सांगितले. विकताना दोष सांगावेत असं मदरनी शिकवलं आहे. डाव्या काठाखाली ठिगळ आहे. शिडाला उंदराने कुरतडलं होतं, तिथे तुरपाई आहे. डोलकाठी एकोणनव्वद-नव्वदच्या सुमारास एकदा तडकली होती. वारा नैर्ऋत्येचा असला की ती रुसते. तिला नवा हात चालत नाही. आणि ती उलटते. माझी उलटली, तुमचीही उलटेल, तुम्हाला लहान मुलं असतील.

एक मुलगी आहे, तीन वर्षांची, ते म्हणाले. आणि विचार करून कळवतो म्हणाले.

प्रभाकरराव वऱ्हांड्यातून सगळं ऐकत होते. "लग्नाआधी माझ्याबद्दल कुणी तुला एवढे दोष सांगितले असते, तर तू आज कुठे असतीस?"

"धरणावर," मी म्हटलं.

खरं सांगायचं तर डॉक्टर मला पटलेच नाहीत. नखं फार स्वच्छ होती. होडीवाल्याची नखं तशी नसतात.

२१ सप्टेंबर, रविवार

विकली.

सकाळी अकराला आंजीहून एक जोडपं आलं. बबनराव, साठीच्या पुढचे, धोतर, टोपी, खांद्यावर दुपट्टा. आणि त्यांच्या मागे त्यांची बायको आनंदाबाई, हिरव्या नऊवारी लुगड्यात, हातात पिशवी. बबनराव शेती करतात आणि बैलांच्या खरेदी-विक्रीत मुरलेले आहेत, हे त्यांनी सांगण्याआधीच कळलं. टिटवीभोवती त्यांनी उजवी फेरी घातली. मग डावी घातली. मग खाली वाकून पोट पाहिलं, पाठीवर हात फिरवला आणि नाकाडापाशी येऊन थांबले. तोंड उघडून दात मोजायला मिळत नाहीत याचं त्यांना वाईट वाटत असावं.

"वय?"

"माझ्याकडे सतरा वर्षं. त्याआधी चार."

"खोड?"

मी दोष सांगितले. डॉक्टरांना सांगितले तेवढे नाही, निम्मे. का कोण जाणे, थकले होते.

"पाण्यात नेणार ना?" मी विचारलं. "ढाब्यावर, मांडवात, नंदीखाली असं काही नाही ना?"

"पान्यातच, बाई. महाकाळीच्या. तिकडच त् काम हाय."

मग आनंदाबाई त्यांच्या कानाशी काहीतरी पुटपुटल्या. बबनराव खाकरले. "वारा समोरून आला त् घरी कसं यावं?"

इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणी बरोबर प्रश्न विचारला! मी काठी घेतली आणि अंगणातल्या मातीत बबनरावांना काढून दाखवलं: वारा इकडून, घर तिकडे, सरळ जाता येत नाही, म्हणून आधी डावीकडे तिरपं, मग उजवीकडे तिरपं, असं नागमोडी करत वाऱ्याच्या तोंडावर घरी पोचायचं. बबनराव "हो जी, हो जी" म्हणत भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होते. त्यांची बायको मात्र उगाच त्या रेघांकडे टक लावून उभी. अशा बायकांचं मला वाईट वाटतं. जन्मभर नवऱ्याच्या मागे उभं राहायचं आणि जे दिसेल ते बघायचं.

सौदा! तो तर लिहायलाच हवा. बबनरावांनी दुपट्टा काढून हातावर टाकला आणि प्रभाकररावांपुढे धरला. बैलबाजारात तसंच असतं म्हणे: कापडाखाली हातात हात घ्यायचे, बोटं दाबून आकडा सांगायचा, बाहेरच्याला पत्ता लागू द्यायचा नाही. प्रभाकरराव व्यापाऱ्याच्या घरातले. त्यांचा हात आत गेलासुद्धा. बोटं धरली, सोडली, पुन्हा धरली. दोघांचे चेहरे कीर्तनाला बसल्यासारखे.

"होडी कुणाची आहे?" मी विचारलं.

प्रभाकररावांचा हात बाहेर आला.

"आणा तो दुपट्टा इकडे," असं म्हणून मी माझा हात पुढे केला. बबनराव तापल्या तव्याचा चटका बसल्यासारखे मागे सरले. "बाई, तसं नाई होत जी. तुमी बाईमानूस... माह्या हातानं कसं..."

तेव्हा आनंदाबाई पिशवी खाली ठेवून पुढे आल्या. नवऱ्याच्या हातातून दुपट्टा घेतला, माझ्यासमोर मांडी घातली. "आना हात, बाई."

हात खरखरीत, ऊबदार आणि चांगलाच घट्ट. कॉन्व्हेंटात आम्हाला एकमेकींचा हात धरायची मनाई होती, त्यामुळे सरावही नाही. त्यांनी चार बोटं धरली. मी नाही अशी मान हलवली. त्यांनी चार धरून वर एक अर्धं धरलं. मी त्यांची पाचही पकडली. त्या हसल्या. पुढचा दात एक नाही, हसणं फार छान. मग त्यांनी माझ्या अंगठ्याजवळ काहीतरी दाबलं आणि "झालं," म्हणाल्या. नवऱ्याला एकदाही विचारलं नाही. गोंधळल्या असाव्यात बिचाऱ्या. आकडा इथे लिहीत नाही, कारण प्रभाकरराव ही वही वाचतात.

दसऱ्याला न्यायला येणार. जाताना आनंदाबाई लुगडं सावरून मातीतल्या माझ्या रेघांना वळसा घालून गेल्या. बबनराव त्यांवरून चालत गेले.

५ ऑक्टोबर, रविवार, दसरा

गेली.

ट्रॅक्टर घेऊन आले. बबनरावांच्या हातात नवाकोरा सुताचा कासरा होता, बैलाला बांधतात तसा. त्यांनी तो टिटवीच्या पुढच्या कडीत ओवला. आनंदाबाईंनी तिच्या नाकाडाला हळदकुंकू लावलं, ओवाळलं, पुढ्यात मूठभर ज्वारी ठेवली. माझ्या हातावर आपट्याची पानं ठेवून म्हणाल्या, "सोन्यासारकी राखली तुमी. आमीबी राखू." मी म्हटलं, उन्हात ठेवू नका, रंग उडतो. आवाज चिरका झाला असेल तर तो धुळीमुळे.

मग मी आत गेले. चहाची भांडी घासली. चहाची भांडी जिजाबाई घासते. आज मी घासली. ट्रॅक्टर वळला तेव्हा बाहेर आले, तर प्रभाकरराव फाटकाशी उभे, हात हलवत. पाण्याला भिणाऱ्या माणसाने होडीला हात हलवणं हे जरा अतीच.

संध्याकाळी. वरचं लिहून झाल्यावर शेड झाडायला गेले, तर खुंटीखाली सूप. सुपात माझे सगळे दोर, एकेकाची गुंडाळी केलेली, वर कुंकवाचं बोट. शीड चढवायचा दोर, शीड ताणायचा दोर, सुकाणूची दोरी, नांगराचा दोर. सगळे! एकही नेला नाही. दोरांशिवाय टिटवी म्हणजे लाकडाचं पातेलं. शीड काय देवाचं नाव घेऊन चढवणार?

जिजाबाई दिवा लावायला आली होती. तिने सूप पाहिलं आणि तिला काहीच नवल वाटलं नाही.

"बाई, जनावर इकलं का दावं देत नाईत. घेनारा आपला दोर आनते. दावं गेलं त् गोठा सुना होते ना."

"ती होडी आहे, जिजाबाई. म्हैस नव्हे!"

"तेच त्. लक्षुमीच हाय."

हे अडाणीपण म्हणावं की काय! सूप आमच्याच स्वयंपाकघरातलं आहे. ते त्यांना कुणी काढून दिलं कोण जाणे. मी प्रभाकररावांना विचारलं, तुम्ही तिथे उभे होता, दोर सोडताना तुम्हाला दिसलं नाही? ते पेपर वाचत होते. आजचा टेबलावर घडीतच होता. कालचा वाचत होते.

उद्या सकाळी पहिलं काम, आंजीला फोन.

६ ऑक्टोबर, सोमवार

फोन केला नाही. आंजीची लाइन खराब असणार.

९ ऑक्टोबर, गुरुवार

आजही राहिला. त्यांचा नंबर पी.पी. आहे, एस.टी.डी. बूथवाल्याचा, तो बोलावायला माणूस पाठवणार, उगाच त्याला त्रास. दोर कोमट पाण्यात धुतले, सावलीत वाळवले, खुंटीवर टांगले. शेड तेवढी मोकळी दिसत नाही.

प्रभाकररावांनी विचारलं, "फोन लागला का?"

"चौतीस वर्षं एक्स्चेंजमध्ये होते. लाइन कधी लागते ते मला कळतं."

त्यांनी खुंटीवरच्या दोरांकडे पाहिलं आणि पेपर उघडला. 

१४ ऑक्टोबर, मंगळवार

आंजीहून फोन आला. बबनराव बूथमधून इतक्या जोरात ओरडत होते की फोनची गरज नव्हती.

"बाई, थे शीड वर जाऊनच नाई राह्यलं जी!"

"कसं जाईल? दोर इथे आहेत!"

"दोर त् तुमचेच हायेत. आमी आमचा कासरा लावला. थो भिजला अन् फुगला, अन् वरच्या चाकात अटकला. आता शीड अर्धं वरतं हाय, अर्धं खालतं. अन् होडी गोलगोल फिरून राह्यली. सारं गाव पाह्याले येते. एक जन शेंगदाने इकत बसते तिथं."

"मधली फळी खाली सोडली होती का?"

"कोनती फळी?"

टिटवी गोलगोल फिरते आणि लोक शेंगदाणे खातात. माझ्या टिटवीचा तमाशा! मी बबनरावांना तीन मिनिटांचं जे काही सुनावलं त्याचे पैसे बूथवाल्याने त्यांच्याकडून घेतले असतील. शेवटी म्हटलं, कशाला हात लावू नका, रविवारी मी येते.

"साहेब बी येतीन का?"

"साहेब काठावर बसतील."

"मंग बरं हाय. मीबी काठावरच बसतो," बबनराव म्हणाले. त्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही. सुटका झाल्यासारखे बोलले.

१९ ऑक्टोबर, रविवार

सविस्तर लिहिते, उद्या खांदा दुखेल.

दोर पिशवीत घालून सकाळी जीप केली. धरण काठोकाठ. टिटवी काठाला बांधलेली, डोक्यावर अर्धं शीड, पदर सुटल्यासारखी. पण आत पाणी नाही, धूळ नाही, रंग जिथल्या तिथे, आणि वर कडुनिंबाच्या डहाळ्यांचा मांडव, उन्हासाठी. मी मनातल्या मनात दहा शिव्या तयार ठेवल्या होत्या, त्यातल्या सात तिथेच वाया गेल्या.

एका मासेमाराला डोलकाठीवर चढवून फुगलेला कासरा कापला. आमचे दोर ओवले. हात वर जात नाही म्हणून मी खालून सांगत होते आणि ओवत होत्या आनंदाबाई. एकदा सांगितलं की पुन्हा सांगावं लागलं नाही. सगळं झाल्यावर मी बबनरावांना म्हटलं, "चला, बसा."

बबनराव प्रभाकररावांशेजारी दगडावर बसले होते. दोघांच्या चपला दोघांच्या हातात. त्यांनी मान हलवली. "मले नाई जमत, बाई. पान्याचं मले भेव वाटते."

"मग होडी घेतली कशाला?"

आनंदाबाईंनी लुगड्याचा काचा मारला, पदर कमरेला खोचला आणि एका पावलात टिटवीत जाऊन बरोबर मध्ये बसल्या.

"यायनं कुठं घेतली? म्या घेतली."

मी काठावर उभी. एक चप्पल पाण्यात, एक काठावर. 

"मले वाटलं तुमाले समजलं," त्या म्हणाल्या. "सौदा त् माह्याच हातात हात देऊन केला ना."

साहेब आहेत का, साहेब आहेत का, म्हणून अकरा जणांना मी फाडून खाल्लं होतं. आणि वाऱ्याचं सगळं गणित मातीत काढून समजावलं ते कुणाला, तर घड्याळ बघणाऱ्या बबनरावांना! मदर असत्या तर शंभर ओळी लिहायला लावल्या असत्या. इथे एकच लिहिते: चुकले.

मी चढले. मासेमाराने ढकललं. वारा अगदी बेताचा, शेपटीने माश्या हाकण्याएवढा. शीड भरलं, टिटवी कुशीवर कलली आणि निघाली. तो आवाज, पोटाखालच्या पाण्याचा, दहा महिन्यांनी ऐकला.

"दोर ओढून धरू नका," मी ओरडले, "सोडूही..."

"सोडाचाबी नाई," त्यांनीच पुरं केलं. "मालूम हाय. बैलाचा कासरा असाच राह्यते. जोरात ओढला त् बैल अडते, सोडला त् दुसऱ्याच्या वावरात घुसते."

मला जे कळायला मेजरसाहेबांचे तीन रविवार गेले, ते या बाईला दहा मिनिटांत आलं. मनातून राग आला. मग गेला.

"कुठे जायचंय?" मी विचारलं.

त्यांनी हनुवटीने दाखवलं. पाण्याच्या मधोमध एक टेकाड वर राहिलं आहे, बैलगाडी फिरेल एवढं, त्यावर आंब्याचं एक झाड. सतरा वर्षं मी त्याला वळसा घालून जात आले. वळण घ्यायची खूण, एवढंच मला त्याचं महत्त्व.

"माह्या बापाचा आंबा हाय. खालतं सारं वावर होतं, साडेचार एकर. मी एकटीच लेक. धरनात गेलं अन् पैसा बँकीत आला. पोरं म्हनत, आई, गाडी घे, आई, सोनं घे. मले काई घेऊच वाटे ना त्या पैशाचं. मंग यायनं पेपर वाचून दाखोला, म्हशीचा भाव पाह्यत होते. म्हटलं, म्हैस राहू द्या, थे खालचं वाचा."

"मासेमारांची नाव होती की."

"होती जी. पन त्याईले घाई राह्यते. उतरू देत, अन् बिडी पेटवून म्हनत, चला मावशी, झालं का. बापाच्या घरी कोनी असं जाते का?"

टेकाड वाऱ्याच्या तोंडावर होतं. डावीकडे तिरपं, मग उजवीकडे, पुन्हा डावीकडे. चौथ्या वळणाला आनंदाबाई हसायला लागल्या. "वाकडं वाकडं जाऊन बरोबर पोचते. बाई, म्या चाळीस वर्सं सासरी असंच केलं."

पोचलो. त्या आंब्याखाली बसल्या, बुंध्यावर हात फिरवला, त्यांचा नवरा टिटवीच्या पाठीवर फिरवतो तसा. पिशवीतून भाकरी आणि ठेचा काढला. अर्धी भाकरी मला दिली, एक तुकडा झाडाच्या मुळाशी ठेवला. कुणालाही घाई नव्हती. मी ठेचा बोटाने पुसून खाल्ला.

परत आलो तेव्हा प्रभाकरराव पाण्याच्या अगदी कडेला येऊन उभे होते. या धरणाची मोजणी झाली तेव्हा ते इथे होते. ते त्यांनी आनंदाबाईंना सांगितलं, टोपी नसून टोपी काढल्यासारखं. "टेप माझ्याच हातात होता."

आनंदाबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "मंग या ना एखांदे वेळी, साहेब. बराबर मोजलं का नाई, पाहून घ्या."

साहेबांनी आपल्या चपलांकडे पाहिलं. पण नाही म्हणाले नाहीत.

आता दोरांचं. मी ते टिटवीवरच सोडून निघाले, तर आनंदाबाईंनी एकेक सोडून, गुंडाळी करून माझ्या पिशवीत घातले.

"हे तुम्हाला लागतील!"

"दावं नाई घेत, बाई. तुमचा गोठा सुना करून माही होडी कशी चालन?"

"मग शीड कसं चढणार?"

त्यांनी पिशवीची गाठ मारली आणि माझ्या डाव्या हातात दिली, चांगल्या हातात. "तुमी येतान घेऊन येजा. आइतवारी."

वर्ध्याच्या बाजारात असला दोर कुठल्याही दुकानात मीटरवर मिळतो. दहा मिनिटांचं काम. मी ते सांगितलं नाही. त्याही काही बोलल्या नाहीत. आठवड्यातून दोनदा वर्ध्याच्या बाजाराला येतात, मला नंतर बबनरावांनी सांगितलं.

२५ ऑक्टोबर, शनिवार, लक्ष्मीपूजन

सपना सकाळी आली. आल्या आल्या शेड उघडून पाहिली. रिकामी बघून मला मिठी मारली, खांदा सांभाळून. "आई, मला वाटलं नव्हतं तू खरंच विकशील."

"दिलेला शब्द मी मोडत नाही. पाहिजे तर आंजीला फोन करून विचार. आनंदाबाई म्हणून आहेत. साहेब आहेत का असं मात्र विचारू नकोस."

मग तिला खुंटी दिसली. चार गुंडाळ्या, स्वच्छ, वर आज सकाळीच जिजाबाईने लावलेलं हळदकुंकू.

"हे काय? हे दोर कशाला ठेवलेस?"

मी उत्तर जुळवत होते, तेवढ्यात प्रभाकरराव मागून म्हणाले, "असू दे ते. दावं देत नसतात. गोठा सुना होतो." आणि पुन्हा पेपरात तोंड घातलं. तोही आजचा नव्हता. पण त्यांच्या खुर्चीखाली रबरी चपलांचा नवा जोड होता, पाण्यात चालतात तसल्या.

सपना दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली. तिला म्हटलं, करंज्या तळायच्या आहेत, चल.

दोरांची पिशवी भरून दाराशी ठेवली आहे. उद्या रविवार.